घट

संग्रहालय होण्याआधी ही जिनिंग होती.
अजून श्रावणात भिंतीच्या फटीतून सरकी उगवते,
आणि दारात तो काटा आहे, गाठी तोलायचा.
त्यावर दरसाल शिक्का मारून घेते मी
वजनमापवाल्यांकडून. का, ते कुणी विचारत नाही.

दालन दोन, वस्तू क्रमांक एकशे सात.
‘बैठक’. काळा पाषाण. शिल्पकार झि. न. बेलदार, नंदुरबार.
वजन एकशे बारा किलो चारशे ग्रॅम.
अक्षर माझंच, सत्याऐंशी सालचं, जरा तिरपं.
नोकरीचा अकरावा दिवस.

दगड प्रकाशाच्या घाटाखालचा, तापीने घासलेला.
बडोद्याहून शिकून आलेला झिपरू म्हणायचा,
यात बाई बसलीय.
लोक म्हणत, बैल.
शाळेच्या एका सहलीने ठरवलं, इडली.
ते त्याने अभिप्रायाच्या वहीत स्वतः उतरवलं,
पोरांची नावं विचारून.

पुढच्या वर्षी गणपती गेले आणि हा हातगाडी घेऊन आला.
अर्जात कारण: दुरुस्ती.
म्हटलं, फुटलंय कुठे?
‘आजून जड शे, बाई.’

पंधरा दिवसांनी परत आणलं.
एकशे आठ, दोनशे.
मी आधी काट्यालाच दोष दिला.

मग दरवर्षी. पावतीवर घेणार तो, देणार मी,
परत आणलं की उलट.
शंभराच्या खाली उतरलं तेव्हा त्याने पेढे वाटले,
शिपायाला दोन.
बायको गेली त्या वर्षी चाळीसच ग्रॅम.
काय काढलंत, विचारलं.
त्याने बोटाने हनुवटी दाखवली,
स्वतःची.

नाशिकच्या लेखापरीक्षकाने पेन आपटलं:
नगरपालिकेची वस्तू झिजते कशी?
साहेब, म्हटलं, इथे कापूस घ्यायचे तेव्हा घट धरायचे,
ओलाव्याची.
कापसाला धरतात, दगडाला का नाही?
त्याच्यादेखत पट्टी घेऊन रकाना आखला.
सही करून तो गेला, चहा तसाच ठेवून.

थंडीत गावाबाहेर पथाऱ्या लाल होतात
आणि सगळं नंदुरबार खोकतं.
त्यात त्याचा खोकला खपून गेला.
पथाऱ्या उठल्या, होळी झाली,
सगळ्यांचा थांबला.
‘मिरचीना ठसका शे,’ म्हणायचा,
ऐन जूनमध्ये.

गेल्या साली गाडी नातवाने ढकलली.
एकतीस किलो दोनशे.
‘जड शे’ म्हणाला नाही.
‘हात लावू नये’ ही पाटी त्यानेच रंगवून दिलेली,
तिच्याखाली उभा राहून दगडावर हात ठेवला.
मी खिडकीबाहेर बघत राहिले,
बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.
बाई दिसते का आता? दिसते.
गुडघे जवळ घेऊन बसलेली, कुणाची वाट न बघणारी.
पण एकशे बारा किलोतही ती मला दिसत होती की काय,
हे आता खात्रीने सांगता येत नाही.

काल त्यांची लेक अनुसया रिक्षातून आली,
सिमेंटच्या गोण्या घेऊन. सुतळीने शिवलेल्या,
प्रत्येकीवर साल, खडूने.
आत भुकटी, कपच्या.
‘बाबा सांगी गयात, हाई बी तुम्हनंच शे.’

सगळ्या तोलल्या. हिशोबाने यायला हवं
एक्क्याऐंशी किलो दोनशे.
आलं एकोणऐंशी सातशे.
गोण्या उतरवून पुन्हा चढवल्या. तेच.
काट्यावरचा शिक्का ताजा आहे, दीड महिन्यापूर्वीचा.

दीड किलो कुठे गेलं,
अनुसयाने विचारलं नाही. तिच्या पिशवीतून
एक्स-रेचं पिवळं पाकीट डोकावत होतं,
ते तिने आत ढकललं.

रकाना आहे. मीच आखलेला.
पेन उघडून बसले आहे.
पथाऱ्या पडायला लागल्यात, शिपाई खिडक्या लावत फिरतोय,
एकेक करून,
आणि मधेच थांबून खोकतोय.